सोडतीची तिकिटं आणि सतरा पायऱ्या

आमच्या वाचनालयातून पुस्तक घेतलंत, की त्यात परतीची तारीख लिहिलेला एक गुलाबी कागदाचा तुकडा मिळतो. तो उलटा करून बघा. मागे छापलंय : 'भव्य भाग्यवान सोडत. प्रथम बक्षिस : इरकल साडी. मूल्य रुपये शंभर.' नवे सभासद विचारतात, सोडत कधी आहे? मी सांगते, कधीच नाही. असे जवळजवळ दोन हजार तुकडे आहेत आणि ते सगळे माझ्या सुपीक डोक्यातून निघालेले आहेत. काटकसरीने वापरले तर अजून दहा वर्षं पुरतील.

वाचनालय बेंगळुरूच्या बनशंकरीत आहे. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आणि वरच्या मजल्यावर आमची एक लांबट खोली, फक्त रविवारी सकाळी उघडणारी. वर जायला सतरा पायऱ्या. त्या मी कधी मोजल्या नव्हत्या. मोजायची वेळ अक्कांमुळे आली.

अक्का म्हणजे आमच्या ग्रंथपाल. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धं मीठ कन्नडचं. एका सरकारी कारखान्यात त्या यंत्रांचे नकाशे काढायच्या. निवृत्त झाल्या त्या आठवड्यात त्यांनी वाचनालयाची किल्ली हातात घेतली आणि पुढची वीस-बावीस वर्षं सोडली नाही. नकाशे काढलेला हात, त्यामुळे नोंदवहीतलं अक्षर असं की छापलेलं वाटावं. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्या माणसाला त्या दुमडलेलं पान उलगडून दाखवायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. माणूस आपोआप शरमायचा.

मी पुण्याची. नोकरीसाठी एचएसआर लेआउटमध्ये आले तेव्हा इथे माझं कुणी नव्हतं. दिवसभर ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी बोलून रविवारी तोंडाला मराठीची चव हवी म्हणून वाचनालय शोधत गेले. अक्कांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पुस्तक नंतर. जेवली का पुट्टी तू?" पुट्टी म्हणजे छोटी. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. त्यांनी डब्यातला बिसीबेळे भात माझ्यापुढे सरकवला, त्यावर चिमूटभर मेतकूट होतं. मी तो रडत रडत खाल्ला. त्या शेजारी बसून पुस्तकांना कव्हरं घालत राहिल्या, रडतेस का म्हणून विचारलं नाही.

कन्नड मला त्यांनीच शिकवलं. रिक्षावाल्याशी कसं बोलायचं, भाजीवालीला 'स्वल्प' म्हणजे थोडं कमी कर कसं म्हणायचं, आणि न पटलेल्या गोष्टीलाही 'सरी', म्हणजे बरं, म्हणून पुढे कसं जायचं. हे शेवटचं मला अजून नीट जमलेलं नाही. दुसऱ्या वर्षी मला डेंग्यू झाला तेव्हा अक्का दोन बस बदलून रोज घरी यायच्या, गुरगुट्या भात घेऊन. अकरा दिवस. मी त्यांची ना नात्याची ना गोत्याची. आईला फोनवर सांगितलं तेव्हा आई फक्त एवढंच म्हणाली, "त्या बाईंना विसरू नकोस." मी विसरले नाही. उपकार फेडायची खाज मात्र मला फार, आणि सगळा घोटाळा त्या खाजेतूनच झाला.

दोन वर्षांपूर्वी अक्कांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं लवकर परत आलं, उजवा हातही बराचसा आला, पण डावा पाय आला नाही. काठी घेऊन घरातल्या घरात चालता येई. जिना चढणं संपलं. वाचनालय चालू राहिलं, किल्ली माझ्याकडे आली. एका रविवारी आम्ही हौसेनं त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून वर नेलं. वर पोचल्यावर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. खाली उतरवल्यावर म्हणाल्या, "मी काय गणपती आहे का, मिरवत न्यायला? पुन्हा बेडा." बेडा म्हणजे नको. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी गेले की खिडकीत बसलेल्या असायच्या आणि विचारायच्या, अमक्यानं पुस्तक परत केलं का, कपाटाच्या तिसऱ्या खणाला वाळवी तर नाही ना लागली. ती खोली सोडून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्यानं माझा जीव तुटायचा.

मग मला इंटरनेटवर एक खुर्ची सापडली. जिन्याच्या भिंतीला पट्टी बसवतात, त्या पट्टीवरून खुर्ची सरकत वर जाते, हाताशी बटण असतं. कुणी उचलायचं नाही, कुणी ढकलायचं नाही. अक्का आपल्या हातानं बटण दाबून आपल्या वाचनालयात जातील. घरमालकानं भिंतीला हात लावायची परवानगीही दिली. प्रश्न पैशांचा होता, कारण आमचं वाचनालय म्हणजे वर्षाच्या वर्गणीतून वर्तमानपत्राचं बिल कसंबसं निघणारं प्रकरण.

"लकी ड्रॉ काढू या," मी बैठकीत म्हणाले. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी निघायचा. शंभराचं तिकीट, एका डब्यात चिठ्ठ्या, पहिलं बक्षीस मिक्सर. सगळ्यांना कल्पना आवडली. एका सभासद बाईंनी कपाटातली कोरी इरकल साडी देऊ केली, कुणी कुकर दिला, कुणी भिंतीवरचं घड्याळ. आमचे चिटणीस काका तेवढे गप्प होते. काका सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. फाईल उघडल्याशिवाय त्यांना पाणी पचत नाही. ते म्हणाले, "याला परवानगी लागत असेल का, बघायला हवं."

"काका, आपण चोरी करतोय का?" मी फटकन म्हणाले. "वाचनालयासाठी करतोय." काकांनी चष्मा पुसला आणि माघार घेतली. त्यांनी माघार घ्यायला नको होती, पण माझ्यापुढे भलेभले कंटाळून माघार घेतात.

मी दोन हजार तिकिटं छापून आणली, गुलाबी कागदावर. आणि तळाशी, ठळक अक्षरात, 'आयोजक' म्हणून अक्कांचं संपूर्ण नाव घातलं. त्यांचा मान म्हणून. त्यांना अर्थातच काही सांगितलं नव्हतं. सगळं जमून आल्यावर एकदम सांगायचं, असा माझा बेत होता.

आठवड्याभरात त्रेचाळीस तिकिटं खपली. कार्यक्रम एका शाळेच्या पटांगणात करायचा होता, त्यासाठी ध्वनिक्षेपकाची परवानगी काढायला मी आणि काका पोलीस ठाण्यात गेलो. तिथले उपनिरीक्षक साहेब फार सज्जन निघाले. "कूतकोळ्ळी" म्हणून आम्हाला बसवलं, अर्ज शांतपणे वाचला आणि सही करायला पेन उघडलं. आम्ही तिथेच थांबलो असतो तर सगळं निभावलं असतं. पण मला वाटलं, इतक्या चांगल्या माणसाला आपण नुसतं कसं सोडायचं? मी पर्समधून तिकिटांचं पुस्तक काढलं आणि अक्कांनी शिकवलेल्या कन्नडमध्ये म्हणाले, "सर, ओंदु चीटी तगोळ्ळी." सर, एक चिठ्ठी घ्या.

साहेबांचं पेन हवेतच थांबलं. "चीटी?"

मी आपली आपल्याकडची चिठ्ठी मनात धरून बोलत होते, डब्यात टाकायची. पण इकडे नुसतं चीटी म्हटलं की माणसाला आधी आठवतो तो चिट फंड, आपल्या भिशीचा थोरला भाऊ. आणि त्यात बुडालेली माणसं रोज ज्यांच्या टेबलासमोर येऊन रडतात, त्यांच्याच टेबलावर मी चीटी ठेवली होती. मला हे काही कळलं नाही. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. म्हणून मी आवाज चढवून म्हणाले, "हौदु सर, चीटी. बहुमान इदे!"

बहुमान म्हणजे कन्नडमध्ये बक्षीस. आपल्याकडे बहुमान म्हणजे मान, सत्कार. इथे तोच शब्द कुकर मिळाला तरी वापरतात. बक्षीस आहे, असं मी पोलीस अधिकाऱ्याला अभिमानानं सांगत होते. माझ्या मागे काकांनी घसा खाकरला. मी लक्ष दिलं नाही.

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं आणि हिंदीत एकेक प्रश्न विचारला. शंभर रुपये सगळे देणार? हो. मग डब्यातून एक नाव काढणार? हो. ज्याचं निघेल त्याला साडी? हो. "तर मग ही लाटरी झाली, मॅडम."

"लॉटरी नाही, सर. सोडत. वाचनालयासाठी, चांगल्या कामासाठी."

"नाव काहीही ठेवा. या राज्यात लाटरी बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली. काम चांगलं असलं तरी बंद म्हणजे बंद."

माझ्या नाकावरचा राग जागा झाला. "आमच्या महाराष्ट्रात तर सरकारच लॉटरी विकतं!"

"अदु महाराष्ट्र," साहेब अजिबात आवाज न चढवता म्हणाले, "इदु कर्नाटक." मग त्यांचं बोट तिकिटाच्या तळाशी गेलं. हिंदी येत असल्यानं देवनागरी त्यांना वाचता येत होती. "इवरु यारु?" हे कोण?

मी सांगितलं. ऐंशीच्या घरातल्या आहेत, पायानं अधू आहेत, हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय, त्यांना यातलं काही माहीतसुद्धा नाही.

"पण छापलंय त्यांचं नाव. उद्या कुणी तक्रार केली, तर मला यांनाच बोलवावं लागेल."

 मी ज्यांचा मान करायला निघाले होते, त्यांना मी आरोपीच्या जागी नेऊन बसवलं होतं, आणि तेही ठळक अक्षरात. साहेबांनी आमच्यासाठी चहा मागवला.  त्यांनी ध्वनिक्षेपकाच्या अर्जावर सही केली आणि सांगितलं, विकलेलं प्रत्येक तिकीट परत घ्या, प्रत्येकाचे पैसे परत द्या, तसं लिहून आणून द्या, आणि पुढे काही करायच्या आधी वकिलाला विचारा. त्यांना रागावता आलं असतं. ते रागावले नाहीत, हे मी विसरणार नाही. बाहेर पडताना मी ठाण्याच्या पायऱ्या मोजल्या. चार होत्या. अक्का त्या चार पायऱ्या चढतायत, हे चित्र काही डोळ्यांपुढून जाईना.

काकांच्या शेजारी एक वकीलबाई राहतात. त्यांनी आम्हाला बसवून अगदी शाळेतल्यासारखं समजावलं. लॉटरी ही तीन पायांची तिपाई आहे, त्या म्हणाल्या. लोकांकडून पैसे घेतले, निकाल नशिबावर सोडला, आणि बक्षीस दिलं, की तिपाई उभी राहिली. ती उभी केली ती संस्था देवळाची आहे, दवाखान्याची आहे की वाचनालयाची, हे कायदा बघत नाही.

"तिकिटाला 'देणगी मूल्य' म्हटलं तर?" मी विचारलं.

"पैसेच ते."

"प्रवेशिका? सहभाग शुल्क?"

"पैसेच."

"तांबोळा खेळलो तर?"

"तिकीट विकून खेळलात तर तिपाई तीच, फक्त आकडे जास्त." त्या हसायला लागल्या. "तीनातला एक पाय काढा की झालं. पैसे नकोत, तर सगळ्यांना फुकट चिठ्ठी द्या. पण मग खरंच सगळ्यांना, गुपचूप देणगी देणाऱ्यालाच असं नाही. नशीब नको, तर निबंधाची, वाचनाची स्पर्धा घ्या. बक्षीस नको, तर साधी देणगी मागा आणि पावती द्या. देणगी म्हणजे बदल्यात काही न घेता दिलेलं. लोक तसंही देतात हो. तुम्ही कधी मागून बघितलंय का?"

मी मागून बघितलं नव्हतं. मला वाटायचं, आमिष दाखवल्याशिवाय कोण देतंय? हे मी माझ्या शहाणपणात धरत होते.

त्या दुपारी मी अक्कांकडे गेले आणि एक तिकीट त्यांच्या हातात ठेवून सगळं सांगून टाकलं. त्यांनी भिंग घेतलं, तिकीट वरपासून खालपर्यंत वाचलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "बक्षीसमधला क्षी दीर्घ. तू ऱ्हस्व छापलास. दोन हजार वेळा." मग भिंग तळाशी गेलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"माझं नाव घातलंस. मला विचारलंस?"

"तुमच्या मानासाठी, अक्का."

"आणि ती खुर्ची? ती मला हवी का, हे विचारलंस?"

  मला अपराधी वाटत होतं आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, रागही येत होता. अक्कांचा नाही, त्या नियमाचा. मी बोलूनही गेले, "कसला मेला कायदा आहे! कुणाचं काय बिघडणार होतं?"

"स्वल्प थांब," अक्का म्हणाल्या. "त्या कायद्याला काही बोलू नकोस."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत कधीच सांगितलं नव्हतं. त्यांचे यजमान, ज्यांना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलं होतं, लॉटरीची तिकिटं घ्यायचे. पूर्वी इथे बसस्टँडवर ओळीनं टपऱ्या असायच्या, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी तिकिटं टांगलेली. टपरीवाला म्हणायचा, "बहुमान बरतदे, सार." बक्षीस येईल. यजमानही घरी येऊन तेच म्हणायचे. बायकोच्या बांगड्या गेल्या, तरी बरतदे. स्कूटर गेली, तरी बरतदे. माणूस वाईट नव्हता, अक्का म्हणाल्या, दारू नाही, शिवी नाही, मारणं तर नाहीच. फक्त रोज संध्याकाळी निकालाचा पेपर उघडून बसायचा आणि घरात असून नसायचा.

"मग एक दिवस सगळं बंद केलं सरकारनं. टपऱ्या गेल्या. चार दिवस हे नुसते फिरले, कुठे काही मिळतं का बघत. पाचव्या दिवशी घरी आले, लवकर. हातात मल्लिगेची माळ, मोगऱ्याची. म्हणाले, चल, देवळात जाऊ या. बनशंकरीच्या देवळात तीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं बरोबर गेलो. त्यानंतर ते नऊ वर्षं होते. ती नऊ वर्षं माझा संसार झाला, पुट्टी. त्या कायद्यानं दिली मला ती." त्यांनी तिकीट माझ्या हातात परत ठेवलं. "आणि तू माझ्याच नावानं तिकीट छापलंस."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं नाही. डोक्यावर हात मात्र ठेवला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आयतु. झालं. पण पैसे फोनवर परत करायचे नाहीत. घरी जायचं, हात जोडायचे, तिकीट परत घ्यायचं. मग खुर्चीचं बघू."

आठ शनिवार-रविवार मी बेंगळुरूभर फिरले. त्रेचाळीस घरं. या शहरात एका दिवसात तीन घरं झाली तरी पुष्कळ, हे ज्यानं इथली वाहतूक बघितली आहे त्याला सांगायला नको. दारात उभं राहून मी तेच तेच बोलायचे : सोडत कायद्यात बसत नाही, चूक माझी आहे, हे तुमचे शंभर रुपये. पहिल्या दोन-तीन घरी माझी जीभ जड झाली होती. मग के. आर. पुरमला एका निवृत्त रेल्वेवाल्या आजोबांकडे गेले. त्यांनी तिकीट परत दिलं, शंभर रुपये मोजून खिशात ठेवले, आणि विचारलं, "सोडत कशासाठी होती?"

तिकिटावर मी ते लिहिलंच नव्हतं. भव्य लिहिलं होतं, भाग्यवान लिहिलं होतं, इरकल लिहिली होती. कशासाठी, ते नाही. मी अक्कांबद्दल सांगितलं, सतरा पायऱ्यांबद्दल सांगितलं. आजोबा उठून आत गेले. बाहेर आले ते चेकबुक घेऊन. "माझी बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्या पोस्टानं पुस्तकं पाठवायच्या. तिकिटं स्वतःच्या पैशानं लावायच्या. हे आधी सांगायचं नाही का, बाई? मला साडी काय करायचीय?"

पुढच्या प्रत्येक घरी मी आधी अक्कांचं सांगितलं. आणि माझ्या लक्षात आलं की अकरा दिवसांचा गुरगुट्या भात फक्त माझ्याच वाट्याला आलेला नाही. कुणाला त्यांनी नोकरीचा अर्ज लिहून दिला होता. कुणाच्या मुलीला कन्नडचा पेपर सुटावा म्हणून उन्हाळाभर शिकवलं होतं. एचएसआरमध्ये माझ्या शेजारच्या इमारतीतली नागपूरची एक मुलगी म्हणाली, "मी आले तेव्हा त्यांनी पहिले मला जेवू घातलं. मग पुस्तक." मी तिच्या दारातच बसले आणि रडले. आपण एकटेच ऋणी आहोत असं समजून मी इतकी वर्षं उगाच भाव खात होते. लोक देत होते, आणि वर मलाच थँक्यू म्हणत होते. कुणीही बदल्यात काही मागितलं नाही. काकांनी प्रत्येकाला पावती पाठवली, दोन-दोनदा तपासून.

पावत्यांची यादी मी अक्कांना वाचून दाखवली. माझं मन भरून आलं होतं, मला वाटलं त्यांचंही येईल. त्या प्रत्येक नावाला काहीतरी म्हणत होत्या. "हा? याच्याकडे अजून दोन पुस्तकं आहेत." "ही पानं दुमडते." यादी संपली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा. "सगळ्यांना माहीत होतं का, की मला वर यायचंय?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना, अक्का. तुम्हाला सोडून."

"सरी," त्या म्हणाल्या. "बसव तुझी खुर्ची."

खुर्ची बसवली त्या रविवारी आम्ही पटांगण, ध्वनिक्षेपक सगळं रद्द करून वरच्या खोलीतच जमलो. तिकिटं परत घेतल्याचं पत्र द्यायला ठाण्यात गेले होते तेव्हा मी साहेबांना बोलावलं होतं. "बिनतिकीट," मी म्हणाले होते, आणि ते पहिल्यांदा हसले होते. ते खरंच आले, साध्या कपड्यांत, आणि मागे भिंतीला टेकून उभे राहिले.

अक्का खाली खुर्चीत बसल्या, पट्टा लावून घेतला आणि कुणालाही हात लावू न देता बटण दाबलं. खुर्ची सावकाश वर सरकू लागली. नवव्या पायरीवर त्यांनी बटणावरचं बोट काढलं. खुर्ची थांबली. मी खालून ओरडले, "काय झालं, अक्का?"

"ही कोळ्यांची जाळी किती महिन्यांत काढली नाहीस?" त्या वर बघत म्हणाल्या, आणि पुन्हा बटण दाबलं.

वर पोचल्यावर त्यांनी काठी घेतली आणि टेबलापर्यंतची सात-आठ पावलं स्वतः चालल्या. आपल्या खुर्चीत बसल्या. नोंदवही उघडली, माझं अक्षर बघून मान हलवली आणि मिटली.  त्या टेबलाच्या लाकडावरून हात फिरवत होत्या, आणि मला वाटलं, आणखी काही नको.

पण इरकल साडी उरली होती. देणाऱ्या बाई ती परत घेईनात. तिचं काय करायचं, हे आम्ही अक्कांच्या नकळत ठरवलं होतं. या वेळी मात्र काकांनी आधी वकीलबाईंना विचारून घेतलं होतं. "पैसे घेतलेले नाहीत, नशिबाचा संबंध नाही," त्यांनी मला कानात सांगितलं, "दोन पाय नाहीत. चालतंय." मग ते पुढे झाले आणि त्यांच्या फायलीतल्या आवाजात म्हणाले, "आता आपण अक्कांचा बहुमान करणार आहोत."

मागून, भिंतीपाशी, साहेब ताठ झाले. "बहुमान?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "मत्ते?" म्हणजे, पुन्हा?

सगळी खोली हसली. मी घाईघाईनं त्यांना सांगितलं की सर, मराठीत बहुमान म्हणजे बक्षीस नाही, मान, सन्मान, गौरव. सोडत नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. साहेबांनी क्षणभर विचार केला. "सरी," ते म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी टाळी त्यांनीच वाजवली.

साडी मी अक्कांच्या खांद्यावर ठेवली. त्या हसत नव्हत्या. बहुमान हा शब्द त्यांनी दोन्ही भाषांत ऐकला होता, एकाच वेळी. इरकलीच्या लाल काठावरून त्यांनी बोट फिरवलं, टोकापर्यंत नेलं आणि परत आणलं. मग खोलीतल्या आम्हा कुणाकडेही न बघता, जिन्याच्या दाराकडे बघत, जणू कुणी मागून पायऱ्या चढून येतंय त्याला सांगावं तसं, हळूच म्हणाल्या, "अहो, बहुमान बंतु. आलं बघा."